हॉटेलातलं माहेर

रिसेप्शनवरच्या मुलीनं विचारलं, "मॅडम, मुक्कामाचं कारण काय लिहू? बिझनेस?"

"बाळंतपण," मी म्हटलं.

तिचा हात थांबला. तिनं आधी माझ्या पोटाकडं पाहिलं, मग माझ्या पांढऱ्या केसांकडं. माझं नाही गं बाई, लेकीचं, असं सांगितल्यावर ती ओठ दाबून हसली आणि तिनं बिझनेसच टाकलं. तसं बघायला गेलं तर तिचं काही चुकलं नाही. मी काही मौजमजेला आले नव्हते. माझ्या पायाशी एक ट्रंक, दोन पिशव्या आणि स्टीलचे मोठे डबे होते. डिंकाचे लाडू, अळीव, साजूक तूप, ओवा, बाळंतशेपा, माझ्या जुन्या मऊ साड्यांची दुपटी, आणि ट्रंकेच्या तळाशी शेक द्यायची लोखंडी शेगडी. आमचं बार्शीला भांड्यांचं दुकान, त्यामुळं डब्यांना तोटा नव्हता. गणवेशातला माणूस ट्रंक उचलायला गेला, तशीच खाली ठेवली आणि ढकलगाडी आणायला निघून गेला.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. जिच्यासाठी गेले ती नात आता कॉलेजात जाते आणि मला मोबाइल नीट धरता येत नाही म्हणून माझ्यावर डाफरते. पण पुण्यातल्या त्या हॉटेलचं नाव निघालं की मी अजून विषय बदलते.

पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडं ठरलेलंच असतं. शलाका माझी एकुलती एक. तिला दिवस गेल्याचं कळलं त्या आठवड्यात मी वरची खोली रंगवायला काढली. पाळण्याला नवी दोरी आणली, तेल लावणारी बाई सांगून ठेवली. आणि सातव्या महिन्यात शलाकाचा फोन आला. डॉक्टर म्हणतात एवढा प्रवास करायचा नाही, पोटातली वार खाली आहे. पुढं मी काही ऐकलंच नाही. मी म्हटलं, तू येऊ नकोस, मी येते.

पण येऊन राहायचं कुठं, हा प्रश्न होता. लेकीला मूल होईपर्यंत आईबापानं तिच्या घरचं अन्न घ्यायचं नाही, पाण्याचा घोटसुद्धा नाही, ही आमच्या घराण्याची रीत. माझ्या आजीनं पाळली, आईनं पाळली. शलाकाच्या लग्नानंतर मी पुण्याला जायचे ती सकाळच्या गाडीनं, आणि डब्यातली दशमी खाऊन संध्याकाळी परत. आता मात्र नववा लागल्यापासून चांगले काही आठवडे मुक्काम पडणार होता. तेव्हा जावईबापूंनी, निरंजनरावांनी, तोड काढली. त्यांच्या फ्लॅटपासून दोन गल्ल्या सोडून एक हॉटेल होतं. त्यांच्या कंपनीचे बाहेरगावचे पाहुणे तिथंच उतरायचे. आई, तुम्ही तिथं राहा, दिवसभर आमच्याकडं या, म्हणजे तुमची रीतही सांभाळली जाईल आणि शलाकालाही सोबत होईल, असं ते म्हणाले. मला किती कौतुक वाटलं त्यांचं. सासूच्या रीतीभातीचा एवढा विचार कोण जावई करतो?

हॉटेल चांगलंच होतं, नावं ठेवायला जागा नाही. गल्ली इतकी शांत की एका बंगल्यात कुकरची शिट्टी झाली की चार घरांना भात झाल्याचं कळावं. दोन्ही बाजूंना झाडं, फाटकांवर पितळी पाट्या, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नाही. आणि त्या सगळ्या निवांतपणाच्या मधोमध हे कामाच्या माणसांचं हॉटेल. सकाळी नाश्त्याला गळ्यात ओळखपत्रांचे पट्टे अडकवलेली, खांद्याला लॅपटॉप लावलेली माणसं रांगेत उभी. उपम्याच्या ताटाशी एका गृहस्थांनी मला अगदी अदबीनं विचारलं, तुम्ही कुठल्या कंपनीकडून? मी म्हटलं, बार्शीकडून. त्यांनी मान डोलावली. त्यांना ती एखादी परदेशी कंपनी वाटली असावी.

खोलीत इस्त्रीचं टेबल होतं, लिहायचं टेबल होतं, चहाला विजेची किटली होती. त्या किटलीत मी पहिल्याच दिवशी दूध तापवून अळिवाची खीर केली आणि स्टीलच्या डब्यात भरून शलाकाकडं निघाले.

दार विहीणबाईंनी उघडलं.

इंदुमतीबाई नाव त्यांचं. टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या, निवृत्त होऊन वर्षं झाली होती, यजमान केव्हाच गेलेले. मुलाजवळच राहायच्या. बोलणं हळू, चालणं हळू, चेहऱ्यावर कधी काही दिसायचं नाही. या ना विमलताई, एवढंच म्हणाल्या आणि बाजूला झाल्या. माझ्या लेकीच्या घरात मला 'या' म्हणणारी दुसरीच बाई, हे काही मला नवीन नव्हतं. पण त्या दिवशी ते मला लागलं.

शलाका गादीवर बसली होती. अंगात सैल, निळा गाऊन, मी दिलेला नव्हे. केसांना तेल लावलेलं, दोन वेण्या घातलेल्या. शाळेत असताना घालायची तशा. मी विचारलं, वेण्या कुणी घातल्या? ती म्हणाली, आईंनी. आईंनी म्हणजे विहीणबाईंनी. माझ्या हातातला डबा तिनं घेतला, दोन चमचे खीर खाल्ली, छान झालीय म्हणाली आणि झाकण लावलं. माझे बाकीचे डबे विहीणबाईंनी नीट पुसून माळ्यावर ठेवले. तुपाचं सध्या डॉक्टरांनी जरा बेतानंच सांगितलंय, नंतर काढूच की, असं त्या म्हणाल्या. नंतर म्हणजे केव्हा, ते बोलल्या नाहीत.

मी रोज जायचे, समोरच्या खुर्चीत बसायचे. हातात हॉटेलच्या खोलीतली पाण्याची बाटली. विहीणबाईंनी मला एकदाही चहाचा आग्रह केला नाही. रीत ठाऊक होती त्यांना, मान राखत होत्या. पण एकदा तरी केला असता, तर नाही म्हणायची मजा तरी आली असती. घरात सगळं त्यांच्या हातानं चालायचं. गोळी कधी द्यायची त्यांना माहीत, उशी कुठं लावायची त्यांना माहीत, शलाकाला भोपळ्याचा वास चालत नाही हेही त्यांना माहीत. बार्शीत असताना शलाका भोपळ्याचं भरीत मिटक्या मारत खायची, हे मी सांगितलं. सवयी बदलतात या दिवसांत, त्या म्हणाल्या. मला सांगत होत्या. मला.

एका दुपारी विहीणबाई सोफ्यावर मटार सोलत बसल्या होत्या आणि शलाका तिथंच आडवी झाली. झाली ती झाली, सुजलेले पाय उचलून त्यांच्या मांडीवर ठेवले. त्यांनी परात जरा बाजूला सरकवली, एका हातानं तिचे पाय चोळत राहिल्या, दुसऱ्या हातानं मटार. बघता बघता शलाका झोपली. तोंड किंचित उघडं ठेवून, लहानपणी झोपायची तशी. मी समोर बाटली धरून बसलेली. जळफळाट म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. तहान लागली होती, पण बाटलीचं टोपण उघडून आवाज करायचीही सोय नव्हती. लेकीची झोप मोडली असती.

रात्री फोनवर मी आमच्या ह्यांच्याकडं गाऱ्हाणं घातलं. हे म्हणाले, तू तिथं पाहुणी आहेस, कलेक्टर नाहीस. मी फोन ठेवून दिला.

पण खरा कहर झाला तो त्याच्या दुसऱ्या संध्याकाळी. मी खोलीच्या खिडकीशी उभी होते. खालच्या गल्लीतून त्या दोघी फिरायला चालल्या होत्या. शलाकाचा हात विहीणबाईंच्या खांद्यावर. विहीणबाई काहीतरी म्हणाल्या आणि शलाका इतकी हसली की तिला फाटकाला धरून उभं राहावं लागलं. माझ्यासमोर ती अशी हसल्याला किती वर्षं झाली, मला आठवेना. हॉटेलच्या समोरून गेल्या दोघी. मला वाटलं आता वर बघेल, हात करेल. कुणी वर पाहिलं नाही. मी पडदा ओढला आणि पलंगावर बसून घळघळा रडले. मग तोंड धुतलं आणि ठरवलं, हे असं बसून चालायचं नाही. ती बाई जागा धरून बसली आहे. बाळ झाल्यावर सव्वा महिन्यानं शलाकाला बार्शीला न्यायचं तर आत्ताच पाय रोवायला हवेत, नाहीतर माझी वरची रंगवलेली खोली तशीच राहील.

डोक्यात विचार आला, ही खोली माझी आहे. इथं मी राहते, इथलं मी खाते. म्हणजे हे माझंच घर झालं. आणि माझं घर म्हणजे शलाकाचं माहेर. मी दुसऱ्या दिवशी सकाळी जाहीर करून टाकलं, शलाका दोन दिवस माझ्याकडं माहेरपणाला येणार. हॉटेलातून दवाखाना तर आणखीच जवळ. शलाका काही बोलायच्या आत विहीणबाईच म्हणाल्या, जा गं, आईजवळ बरं वाटेल तुला. आणि तिची पिशवी भरायला घेतली. त्यांनी जरा तरी कुरकूर करायला हवी होती. इतक्या सहज देऊन टाकली, त्याचाही मला रागच आला. निरंजनराव त्या दिवशी कंपनीच्या कामाला चेन्नईला होते.

मी खोली आधीच लावून ठेवली होती. बाथरूमची फरशी गुळगुळीत, म्हणून तिच्यावर साडीची घडी अंथरली. गार हवेचं यंत्र बंद केलं. पलंगावर माझी चादर घातली, किटलीत दूध तापवलं. शलाका आली, पलंगावर बसली. मी म्हटलं, डाव्या कुशीवर. ती डाव्या कुशीवर वळली. मी म्हटलं, उशी पाठीला घे. तिनं घेतली. हात वर करून आळस दिला, मी म्हटलं, हात एवढा वर नको. पाय लांब केले, मी म्हटलं, सावकाश. मग मी तिच्या उशाशी बसले, डोक्यावरून हात फिरवला आणि विचारलं, "बाळ हलतंय ना गं?"

तिनं डोळे मिटून घेतले. "हलतंय," ती म्हणाली.

बराच वेळ ती तशी पडून होती, पण झोपली नव्हती. पापण्या हलत होत्या. मी ठरवलं होतं की विषय आजच काढायचा. सव्वा महिना झाला की गाडीवाल्याला सांगते, सावकाश नेईल, मध्ये दोन ठिकाणी थांबू, तोवर डॉक्टरांची काही हरकत राहायची नाही, असं मी बोलत गेले. वरच्या खोलीचा रंग सांगितला, पाळण्याचं सांगितलं.

"डॉक्टरांनी तेव्हाही हरकत घेतली नव्हती," शलाका म्हणाली. डोळे मिटलेलेच.

मला वाटलं, झोपेत बोलते आहे. "म्हणजे?"

"वार खाली वगैरे काही नव्हतं. मीच तसं सांगितलं तुला." ती उठून बसली. "मला बार्शीला यायचं नव्हतं, आई. आणि तू इकडं येशील हेही मला ठाऊक होतं. पण तू आमच्याकडं पाणी घेणार नाहीस, म्हणजे राहणार नाहीस. म्हणून हॉटेलचं मीच निरंजनला सुचवलं."

आमच्या आजी-पणजीपासून चालत आलेली रीत माझ्या लेकीनं मला दाराबाहेर ठेवायला वापरली होती. आणि मी येताना जावयाचं कौतुक बार्शीच्या साऱ्या गल्लीला सांगून आले होते.

"हे तुला त्या बाईनं शिकवलं," मी म्हटलं.

"त्यांना माहीतसुद्धा नाही. त्या उलट सारख्या म्हणत होत्या, आईला बोलावून घे, आईकडं जा."

"मग माझं काय चुकलं, ते तरी सांग."

शलाका रडायला लागली. रडत रडतच बोलली. "तू इथं असूनही रोज सकाळी फोन करतेस. 'जेवलीस का' असं नाही, 'बरी आहेस का' असंही नाही. पहिला प्रश्न, बाळ हलतंय ना? मग मी दिवसभर पोटावर हात ठेवून बसते. थोडा वेळ हललं नाही तर घाम फुटतो. रात्री झोप लागत नाही. डोळे मिटले की मला तुझं ते बाळ दिसतं. मी त्याला पाहिलेलंही नाही, तरी दिसतं."

आता हे सांगायलाच हवं. शलाकाच्या आधी मला मुलगा झाला होता. माझ्या आईकडं, वैरागला. दिवस भरत आले होते आणि घरात धाकट्या भावाच्या लग्नाची धांदल. एके दिवशी पोट गप्प झालं. मला जाणवत होतं. पण चारचौघांत असलं काही सांगायचं कसं, उद्या हलेल, परवा हलेल, म्हणत मी पापड लाटत बसले. घरात बायका भरलेल्या, आई सतत माझ्या समोरून जायची यायची, पण तिनं एकदाही विचारलं नाही. दवाखान्यात नेलं तोवर सगळं संपलं होतं. गोरापान होता. नाकीडोळी माझ्यासारखा. आईनं एकदा विचारलं असतं, नुसतं एकदा, तर मी सांगितलं असतं. म्हणून मी विचारते. शलाका कळती झाल्यापासून मी हे तिला सांगत आले होते, दुसरं कुणाला सांगणार?

"मी विचारायचं नाही तर काय करायचं?" मी म्हटलं. "मला राहवत नाही."

"मला माहीत आहे आई. तुझी माया मला कळत नाही का?" तिनं नाक पुसलं. "पण आईंचं तसं नाही. त्यांना माझी एवढी काळजीच नाही. त्या आपल्या मटार सोलत असतात. म्हणून त्यांच्याजवळ मला झोप लागते."

मी खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसले. लिहायच्या टेबलावर खिरीचा डबा होता, त्याचं झाकण उगाच लावलं, काढलं. लेकीचं बोलणं मला फार लागलं. आणि खोटं कशाला बोलू, दुसऱ्या बाजूनं थोडं बरंही वाटलं. म्हणजे त्या बाईची माया कमीच. वरवरची. पाय चोळणं काय, वेण्या घालणं काय, कुणीही करेल. जीव टांगणीला लागतो तो माझाच. ही एक गोष्ट माझ्याकडं होती आणि ती कुणी घेऊ शकणार नव्हतं. मी तेवढ्यावर स्वतःला सावरलं.

शलाका म्हणाली, मी घरी जाऊ का? मी म्हटलं, जा. ती उठली आणि टेबलाला धरून तशीच उभी राहिली. तिच्या पायांखालच्या गालिच्यावर ओलं पसरत होतं.

माझ्या तोंडातून ओरडा निघणारच होता. कसा गिळला मला माहीत नाही. खाली फोन केला. ती रिसेप्शनवरची मुलगी आणि आणखी एक बाई धावत वर आल्या. लिफ्टमध्ये गळ्यात पट्टे अडकवलेले साहेब होते, ते सगळे न सांगता बाहेर पडले आणि आम्हाला जागा दिली. पाहुण्यांना स्टेशनवर सोडायला निघालेली हॉटेलची गाडी दारातच उभी होती. पाहुणे उतरले, आम्ही बसलो. वाटेत मी विहीणबाईंना फोन लावला. येते, एवढंच म्हणाल्या.

दवाखान्यात शलाकाला आत नेलं. आम्हाला बाहेर बाकावर बसवलं. विहीणबाई आल्या त्या रिक्षातून, साडी नीट, केस नीट, हातात पिशवी. निरंजनला कळवलंय, मिळेल त्या विमानानं येतोय, असं सांगून माझ्या शेजारी बसल्या. आतून शलाकाचं कण्हणं ऐकू यायला लागलं. दुपार उतरली.

मग सिस्टर बाहेर आली. त्या दवाखान्यात बाळंतिणीजवळ घरच्या एका बाईला बसू द्यायचे. एकीनंच आत यायचं, कोण येतंय, तिनं विचारलं.

विहीणबाई लगेच म्हणाल्या, "विमलताई जातील. आई त्या आहेत."

मी तर केव्हाच उठले होते. कुणी काही म्हणो, तो हक्क माझा होता. दारापर्यंत गेले. सिस्टरनं दार ढकललं आणि शलाका मला दिसली. घामानं केस चिकटलेले, ओठ आवळलेले. तिनं माझं तोंड पाहिलं. आणि त्या कळेतही तिनं हसायचा प्रयत्न केला. "मी बरी आहे गं आई," म्हणाली. "हलतंय. आत्ताच हललं."

मी उंबऱ्यातच थांबले. आत गेले असते तर हे असंच चाललं असतं. ती तिच्या कळा सोसत बसली असती आणि वर मला धीर देत बसली असती. मी मागं फिरले.

"तुम्ही जा," मी विहीणबाईंना म्हटलं.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "अहो पण..."

"जा म्हणते ना. ती तुमच्याजवळ झोपते."

सिस्टरनं त्यांना घड्याळ आणि बांगड्या काढून ठेवायला सांगितलं. त्यांनी मनगट धरलं, पण घड्याळाचा पट्टा सुटेना. बोटं थरथरत होती. आधी मला वाटलं वयानं. मग मी हात धरला तर तो बर्फासारखा गार, आणि सगळा दंडापर्यंत कापत होता. मी पट्टा सोडवला, बांगड्या उतरवल्या. त्या माझ्या कानाशी येऊन, जेमतेम ऐकू येईल असं बोलल्या.

"विमलताई, मला फार भीती वाटते हो. रोज रात्री ती झोपली की मी जाऊन तिच्या पोटावर हात ठेवते. हलेपर्यंत काढत नाही. तिला कळू दिलं नाही कधी."

त्यांच्या बांगड्या माझ्या मुठीत होत्या. मी त्या इतक्या आवळल्या की तळहातावर वळ उठले. त्या बाईचा मला आजवर हेवा वाटला होता तो वेण्यांचा, मटारांचा, मांडीवरच्या पायांचा. तो सगळा पोरखेळ होता. खरा हेवा मला त्या क्षणी वाटला. माझ्याजवळ उरलेली एकच गोष्ट होती, माझी काळजी, आणि तीही तिच्याजवळ माझ्याइतकीच निघाली. वर ती लपवायची ताकदही होती. मला ती कधी जमली नाही, आजही जमत नाही. फाडून खावं असं वाटलं मला तिला. आणि तिच्या गळ्यात पडून रडावंसंही वाटलं.

दोन्हींतलं काही केलं नाही. माझ्या पदरानं तिचा चेहरा पुसला. "तोंड सरळ करा," मी म्हटलं. "आणि आत जा."

तिनं एकदा श्वास घेतला. डोळ्यांदेखत त्या चेहऱ्यावरून सगळं पुसलं गेलं. हळू चालीनं ती आत गेली आणि दार तिच्यामागं अर्धवट लोटलं गेलं.

आतून तिचा आवाज आला, अगदी सपाट, रोजचा. काही नाही गं, होतंच असं, मी आहे ना. शलाका जोरात ओरडली आणि बाहेर माझ्याही घशाशी आलं. मी पदर तोंडात कोंबला. शलाकाच्या कानावर माझा आवाज जाता कामा नये, एवढंच डोक्यात होतं. बाक घट्ट धरून बसले.

मध्ये कळ ओसरली असावी. शलाका धापा टाकत म्हणाली, "अहो आई, बाहेर आई रडतेय का हो?"

"छे गं," विहीणबाई म्हणाल्या. "मस्त पेपर वाचत बसल्यात."

बाकाच्या टोकाला कुणीतरी टाकून गेलेला पेपर पडला होता. मी तोंडातला पदर काढला, तो पेपर उचलला आणि दोन्ही हातांनी डोळ्यांसमोर धरला.